वाढत्या अंगाचं टेबल

आमच्या घरात उंचीबद्दल बोलायची सोय नव्हती. एकदा मी पेपरातलं 'भाव वाढले' हे सहज मोठ्यानं वाचलं, तर बायकोनं माझ्याकडे असं पाहिलं, की जणू ते भाव मीच वाढवले होते आणि तेही घरच्या माणसांना डावलून.

कारण साधं होतं. आमची मुलगी वाढत नव्हती.

दुसरीत असताना तिला ताप आला. बरेच दिवस राहिला आणि आला तसा गेला. जाताना घरातलं काही घेऊन गेला नाही, असं तेव्हा आम्हाला वाटलं. पुढच्या वर्षी तिच्या वर्गातल्या मुली भराभर उंच झाल्या, ही होती तिथंच. त्याच्या पुढच्या वर्षीही तेच. डॉक्टरांनी रक्त तपासलं, हाडं तपासली, आम्हा नवराबायकोलाही खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "काहीही सापडत नाही," ते आनंदानं म्हणाले. "वाट पाहू." डॉक्टर स्वतः दारातून वाकून आत येणाऱ्यांपैकी होते. अशा माणसाचं वाट पाहण्यात काय जातं?

तान्ही असताना आम्ही तिला पिटुकली म्हणत असू. लाडाचं नाव ठेवताना माणूस पुढचा विचार करत नाही. तापानंतर बायकोनं त्या नावावर बंदी घातली आणि पिटुकलीची बाईसाहेब झाली. नावापुरती का होईना, बढती मिळाली.

बायको तिच्यासाठी सगळं वाढत्या अंगाचं आणायची. कपाटात गणवेश होते, त्यांच्या काठाला आतून वीतभर दुमड शिवलेली. मूल वाढलं की टाके उसवायचे आणि कापड खाली सोडायचं, ही जुनी युक्ती. आमच्याकडे गणवेश विटायचे, फाटायचे, पण दुमड कोरी करकरीत राहायची. जुने गणवेश देऊन टाकायच्या आधी बायको त्यांची दुमड उसवून बघायची. आतलं कापड अगदी नव्यासारखं निळं असायचं. मग ती ते पुन्हा दुमडून ठेवायची. मी हे पाहिलंय, हे तिला माहीत नाही.

बाईसाहेब अभ्यास जेवणाच्या टेबलावर करत. हनुवटी टेबलाच्या काठावर, पाय अधांतरी. फर्निचरच्या दुकानात तिच्या मापाचं एकच टेबल होतं आणि त्यावर बदकं रंगवलेली होती. दुकानदार म्हणाला, "बाळाला आवडेल." बाळ पाचवीत होतं. तिनं बदकांकडे पाहिलं, दुकानदाराकडे पाहिलं आणि म्हणाली, "ह्यांच्यातलं कोण कितवीत आहे?"

टेबल आपणच करायचं, असं मी तिथल्या तिथं ठरवलं.

मी वजनमापं तपासणाऱ्या खात्यात आहे. दुकानातला तराजू, कापडवाल्याची पट्टी, दूधवाल्याचं लिटर, यांच्यात किती खोट आहे ते पाहणं हा माझा पोटापाण्याचा उद्योग. 'मापात पाप' हा शब्द लोक हसत हसत वापरतात, मला त्याचा पगार मिळतो. शिवाय हातात थोडी सुतारकी आहे. घरातली दोन शेल्फं आणि एक डुगडुगणारं स्टूल त्याची साक्ष देतात. स्टूल डुगडुगतं ते फरशीमुळे.

बाईसाहेबांना खुर्चीत ताठ बसवून मी माप घेतलं. हात कोपरात काटकोनात, खांदे सैल. कोपर जिथं येतं तिथं टेबलाचा पृष्ठभाग आला पाहिजे. वर आला तर खांदे चढतात, खाली गेला तर पाठ वाकते.

"वाढत्या अंगाचं कर हं," बायको दारातून म्हणाली.

"टेबल आहे ते. फ्रॉक नाही."

"दोन बोटं जास्त ठेव. पुढे लागतील."

"आणि आत्ता तिचे खांदे कानाला लागतील, त्याचं काय?"

"ती काय जन्मभर एवढीच राहणार आहे?"

मी खात्याच्या भाषेत उत्तर दिलं. "माप म्हणजे माप. आहे ते आहे. मापात पाप नको."

"अहो सुतारमहाराज, तुमच्या मापातच पाप आहे," ती म्हणाली. चिडली की ती मला अहोजाहो करते. "बरोब्बर माप घेतलंत म्हणजे तुम्ही मान्य केलंत."

बाईसाहेब हात काटकोनात धरून बसल्या होत्या. "आता खाली घेऊ का?" तिनं विचारलं.

लाकडासाठी गावाबाहेरच्या वखारीत गेलो. वखारवाला बोलघेवडा होता. कुठल्याही ओंडक्यावर थाप मारून तो "जिवंत लाकूड आहे साहेब, जिवंत!" म्हणायचा. प्लायवुडवरही त्यानं तेच म्हणत थाप मारली. कोपऱ्यात फिकट रंगाच्या काही फळ्या उभ्या होत्या. रेषा सरळ, गाठ एकही नाही, वास ओल्या पाटीसारखा.

"हे कसलं लाकूड?"

वखारवाल्यानं हात वर केला, पण थाप मारली नाही. "चांगलं आहे," एवढंच म्हणाला. मग बराच वेळ पलीकडच्या प्लायवुडबद्दल बोलत राहिला. फळ्या गाडीत चढवायला मात्र तो आला नाही. पाठ धरलीय म्हणाला.

मागच्या गॅलरीत मी काम मांडलं. चार पाय, चार आडव्या पट्ट्या, वरची फळी आणि एक खण. रंधा मारताना लाकडाच्या ढलप्या लांबच्या लांब, न तुटता निघत होत्या. सुताराची टेप कायम शेजारच्या खोलीत असते, हा जगभरचा नियम आहे. म्हणून कच्च्या खुणा मी हातानंच केल्या. टेबलाची उंची माझ्या अडीच विती आणि वर एक बोट. नंतर खात्याच्या पोलादी टेपनं पक्कं केलं. सांधे खिळ्याविना बसवले, कडा घासून गोल केल्या. बाईसाहेब शाळेतून आल्या की ढलप्यांची कर्णभूषणं करून घालायच्या आणि कामावर देखरेख करायच्या. "तो पाय जरा नाराज दिसतोय," ती म्हणायची, आणि काटकोन तपासायचा गुण्या लावून पाहिलं तर तो खरंच किंचित तिरका असायचा.

टेबल झालं. ती बसली. कोपर बरोबर पृष्ठभागावर, खांदे सैल, पाय जमिनीला टेकलेले. माझ्या आयुष्यात एवढं बिनचूक काम झालेलं नाही. तिनं गाल फळीवर टेकवला.

"गरम आहे."

"गॅलरीत उन्हात होतं ना."

"आतून गरम आहे," ती म्हणाली आणि वह्या लावायला लागली.

बायकोनं टेबलावरून हात फिरवला. "छान झालंय," ती म्हणाली. "अगदी बेताचं."

पुढचे काही आठवडे बरे गेले. मग एका रविवारी मी पाहिलं, की मुलगी लिहिताना खांदे चढवून बसलीय.

"खांदे सोड."

तिनं सोडले. कोपर फळीच्या काठाखाली गेलं.

मी वाकून पायांखाली पाहिलं. माझा संशय सरळ होता: बायकोनं पायांखाली पुठ्ठे सरकवले असणार. पुठ्ठे नव्हते. पाय फरशीवर नीट टेकले होते. वीत लावून पाहिली. उंची दोन बोटं जास्त. टेप आणली. टेप म्हणाली, एकच बोट जास्त. टेपवर सरकारी शिक्का आहे, माझ्या हातावर नाही. मी टेपचं ऐकलं.

बायकोला बोलावलं, तर तिचा चेहरा एकदम उजळला. "ऐकलंस शेवटी! मला न सांगता पाय बदललेस होय?"

"मी काही केलेलं नाही."

"मग मी केलं? मला साधी मेणबत्ती सरळ उभी करता येत नाही."

"एक बोट वाढलंय. वितीनं मोजलं तर दोन."

"मग तुझी वीत लहान झाली असेल," ती म्हणाली आणि गात गात आत गेली. कितीतरी दिवसांनी मी तिला गाताना ऐकत होतो.

लाकूड हवेतलं पाणी पिऊन फुगतं, हे मला ठाऊक आहे. पण ते रुंदीत फुगतं. लांबीत, रेषांच्या दिशेनं, जवळजवळ नाहीच. तसं फुगत असतं तर प्रत्येक पावसाळ्यात दरवाजे छताला भिडले असते. मी खात्यात जाऊन टेप तपासून आणली. टेप निर्दोष होती. ऑफिसात कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तरी 'टेबल वाढलंय' हे वाक्य वजनमापं तपासणाऱ्या माणसाच्या तोंडी शोभत नाही.

चूक ती चूक. टेबल मोठं झालं असेल तर लहान करायचं. बाईसाहेब शाळेत गेल्यावर मी टेबल उलटं केलं आणि चारही पायांची बोटभर जाडीची एकेक चकती करवतीनं कापली. भुसा दमट होता, बोटांना चिकटत होता. कापताना आवाज नेहमीचा खरखर असा नव्हता. कुणीतरी दातावर दात धरून बसावं, तसा होता. मी लवकर उरकलं. चकत्या कचऱ्याच्या डब्यात टाकल्या, टेबल सुलटं केलं, हात धुतले. हात दोनदा धुतले.

दुपारी शाळेतून फोन आला. मुलीचे पाय दुखताहेत, घेऊन जा.

ती शाळेच्या बाकावर बसली होती, तळवे हातात धरून. रडत नव्हती. वाटेत म्हणाली, "गणिताच्या तासाला सुरू झालं. आधी पुढचे दोन, मग मागचे दोन."

"मागचे दोन काय?"

तिनं जरा विचार केला. "काय माहीत. तसं वाटलं."

त्याच आठवड्यात डॉक्टरांकडे जायचं होतं. परिचारिकेनं उंची घेतली, भिंतीवरची सरकपट्टी पुन्हा वर नेली, पुन्हा घेतली आणि डॉक्टरांना बोलावलं. डॉक्टरांनी स्वतः घेतली. "पट्टी बिघडलेली दिसते," ते म्हणाले. "नाहीतर मूल कमी कसं होईल?"

"किती कमी?" बायकोनं विचारलं.

डॉक्टरांनी हसत अंगठा आणि तर्जनी धरून दाखवली. मधली फट बोटभर होती.

घरी आल्यावर बायको मुलीच्या खोलीत गेली, टेबलाच्या पायांशी उकिडवी बसली आणि कापलेल्या ताज्या कडांवरून बोट फिरवलं. मग गॅलरीत आली. तिथं करवत खुंटीला लावली होती.

"पुन्हा हात लावलास तर बघ," ती म्हणाली. करवतीबद्दल की टेबलाबद्दल, ते तिनं सांगितलं नाही. रात्री कचऱ्याचा डबा बाहेर ठेवताना चकत्या त्यात दिसल्या नाहीत, पण तेव्हा माझं तिकडे लक्ष नव्हतं.

मी टेबलाला पुन्हा हात लावला नाही.

ते वाढलं. आधी कापलं होतं तेवढं, मग त्याच्या वर. बाईसाहेब खांदे चढवून लिहायच्या. मी खुर्चीवर उशी देऊ केली, ती नको म्हणाली. "थांब ना बाबा. ते आधी जातं, मग मी जाते."

आणि एका सकाळी तिचे खांदे सैल होते. कोपर बरोबर काठावर होतं.

बायकोनं तिला दाराच्या चौकटीला उभं केलं. तापाच्या वर्षापासूनच्या पेन्सिलच्या खुणा तिथं एकमेकींवर इतक्या बसल्या होत्या, की एकच जाड रेघ दिसायची. नवी खूण त्या रेघेच्या वर पडली. दोघींमध्ये रंगवलेलं लाकूड दिसत होतं. थोडंसंच, पण कोरं.

त्या दिवशी बायको शाळेचा गणवेश मांडीवर घेऊन खिडकीत बसली आणि दुमडीचे टाके एकेक करून उसवायला लागली. दोरा निघाला की ती तो खिडकीबाहेर फुंकायची. मध्येच हसायची, मध्येच नाक पुसायची. मी चहा करून दिला. तो तिनं घेतला, पण एवढ्या वर्षांची सवय असूनही त्यात साखर आहे की नाही ते तिला कळलं नाही. मी घालायला विसरलो होतो.

नंतरचं वर्ष आमच्या घरातलं सगळ्यात चांगलं वर्ष. टेबल पुढे, मुलगी मागे. त्याच्याकडून रात्रीतून कधीतरी 'कट्ट' असा आवाज यायचा, आणि दोनतीन आठवड्यांनी बाईसाहेबांची चप्पल तोकडी पडायची. डॉक्टर म्हणाले, "म्हटलं नव्हतं, वाट पाहू?" आणि श्रेय घेऊन टाकलं. आम्ही दिलं. घरात पुन्हा भाव वाढू लागले, इमारती उंच होऊ लागल्या, जेवताना काहीही बोलता येऊ लागलं. बायकोनं एकदा चुकून तिला पिटुकली अशी हाक मारली आणि तिघंही हसलो.

गणवेशांच्या सगळ्या दुमडी संपल्या, तेव्हा नव्या मापासाठी आम्ही शिंप्याकडे गेलो. शिंपी बुटका, बडबड्या, तोंडात टाचण्या धरून बोलणारा. मुलीचं माप घेऊन झाल्यावर मी पिशवीतून माझ्या दोन पॅंटी काढल्या. टाचेखाली येत होत्या, कडा घासून झिरझिरीत झाल्या होत्या.

"धुऊन सैल झाल्यात बहुतेक," मी म्हणालो.

"कापड धुऊन आटतं साहेब, लांब होत नाही." त्यानं टेप माझ्या कमरेपासून खाली सोडली. "माझ्याच हातच्या आहेत ह्या. तुम्हीच आटलात. लेकीच्या काळजीनं झिजलात." टाचण्यांमधून तो हसला. "तिचं सोडायचं, तुमचं दुमडायचं. कापड घरातल्या घरात राहिलं."

आई-बाप मुलांसाठी झिजतात, हे आपण शाळेच्या निबंधापासून ऐकत आलोय. त्या वाक्यावर कुणी टेप लावत नाही.

घरी येऊन मी आरशासमोर उभा राहिलो. आरशात कपाळ नीट दिसत होतं. पूर्वी कपाळ बघायला वाकावं लागायचं का, ते आठवेना. मग मला एक शास्त्रशुद्ध उपाय सुचला. लग्न झालं तेव्हापासून बायको माझ्या कानाच्या पाळीपर्यंत येते. फोटोतही तसंच आहे. मी सहज तिच्या शेजारी जाऊन उभा राहिलो.

"काय?" ती म्हणाली.

"काही नाही."

ती माझ्या कानाच्या पाळीपर्यंतच येत होती. तंतोतंत. मी निर्धास्त झालो. शिंपी तो शिंपी; त्याची टेप मीच कधीतरी तपासायला हवी, असं मनाशी म्हणालो.

ऑफिसात एक लाकडी कपाट आहे. त्याच्या वरच्या कप्प्यात पितळी मानक असतं. बाजारातल्या सगळ्या पट्ट्या शेवटी त्याच्याशी ताडून पाहायच्या. मी ते वर्षानुवर्षं काढत आलोय. त्या दिवशी हात वर केला, तर बोटं कप्प्याच्या कडेला लागली आणि तिथंच राहिली.

स्टूल आणलं. मानक काढलं. दार लावून घेतलं, भिंतीला पाठ लावली, डोक्यावर पुस्तक ठेवून खूण केली आणि मोजलं.

चार बोटं कमी. आता कुणाची बोटं, हा प्रश्न मी बाजूला ठेवला.

ऑफिसात कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. आमच्या खात्यात माणसं सहसा उभी राहत नाहीत.

त्या दुपारी मी लवकर घरी आलो. बायको बाहेर गेली होती. गॅलरीतली करवत घेतली आणि मुलीच्या खोलीत गेलो. टेबल खिडकीपासून दूर, सावलीत होतं. मी गुडघ्यांवर बसलो आणि पायाला हात लावला. ऊब होती. कान लावला. आत काहीतरी अगदी सावकाश ताणलं जात होतं, झोपेतून उठताना मूल अंग ताणतं तसं.

करवतीचे दात मी लाकडाला टेकवले. मला तो बाक आठवला, आणि तळवे धरून बसलेली ती.

मी दात उचलले.

"कापणार आहेस?"

बाईसाहेब दारात उभ्या होत्या, दप्तर पाठीवर. चौकटीवरची ती जुनी जाड रेघ आता तिच्या हनुवटीच्याही खाली होती.

"नाही. धार बघत होतो."

तिनं दप्तर ठेवलं, टेबलावर हात ठेवला, वासराच्या पाठीवर ठेवावा तसा. माझ्याकडे पाहत राहिली. मी गुडघ्यांवर, ती उभी.

"बाबा, तू आधी उंच होतास ना?"

"वय झालं की माणूस थोडा कमी होतोच."

"तू म्हातारा झालास?"

"सुरुवात केलीय."

ती हसली नाही. माझ्या हातातली करवत तिनं घेतली, हळूच, कुणी झोपलेलं असावं तशी, आणि गॅलरीत जाऊन खुंटीला लावून आली. खुंटी उंच आहे. तिला ती सहज लागली.

संध्याकाळी मी स्वयंपाकघरात गेलो. बायकोला सांगायचं ठरवलं होतं. शब्दही जमवले होते, खात्याच्या अहवालात असतात तसे, कोरडे.

ती ओट्याशी पाठमोरी उभी होती, काहीतरी चिरत होती. हात कोपरात काटकोनात, खांदे सैल. ओट्याच्या पुढे ती अगदी बरोबर मापात उभी होती, नेहमीसारखी.

फक्त तिच्या टाचा जमिनीवर नव्हत्या.

तिच्या पायांखाली एक फळी होती.

"ही कधीपासून?"

"झाले बरेच दिवस," ती मागे न बघता म्हणाली. "फरशी गार लागते."

ती फळीवरून उतरली, पुसायचं फडकं घ्यायला माझ्याजवळ आली. डोकं माझ्या कानाच्या पाळीशी आलं. तंतोतंत.

दोन पट्ट्या एकमेकींशी जुळल्या म्हणजे दोन्ही खऱ्या, असं समजायचं नाही. दोन्ही सारख्याच खोट्या असू शकतात. खात्यात नवा माणूस आला की पहिल्या दिवशी आम्ही त्याला हेच शिकवतो.

मी वाकून फळी उचलली. खाली चार कोपऱ्यांना चार तुकडे डकवलेले होते. फिकट, सरळ रेषांचे. एका अंगाला करवतीचे दात दिसत होते. माझ्याच करवतीचे.

"हे मी फेकले होते."

"मी काढून घेतले. लेकीचे होते ते."

"ह्या चकत्या होत्या. बोटभर जाडीच्या."

"होत्या," ती म्हणाली.

आता ते विटांएवढे होते.

मी फळी होती तशी ठेवली. तिनं माझ्या पॅंटीकडे पाहिलं, खालची नवी टीप तिच्या नजरेतून सुटली नव्हती. माझी नजर तिच्या बाहीवर गेली. बाही मनगटाशी दोनदा दुमडलेली होती.

"तुला कधी कळलं?" मी विचारलं.

"तू शेजारी येऊन उभा राहिलास ना, तेव्हा," ती म्हणाली. "उगाच कशाला उभा राहील म्हटलं हा."

तेवढ्यात बाईसाहेब आत आल्या. त्यांना बिस्किटं हवी होती. बिस्किटांचा डबा सगळ्यात वरच्या फळीवर असतो. मुलांच्या हाताला लागू नये म्हणून आम्हीच तिथं ठेवायला लागलो होतो. तिनं हात वर केला, टाचा न उचलता डबा काढला, दोन बिस्किटं घेतली आणि डबा ओट्यावर ठेवला.

"खालीच ठेवते," ती म्हणाली. "तुम्हाला बरं पडेल."

दारापर्यंत गेली आणि थांबली. आमच्याकडे एकदा पाहिलं, आधी तिच्याकडे, मग माझ्याकडे.

"सांगू का त्याला?" तिनं विचारलं. "पुरे म्हणून?"

"नको," आम्ही दोघं म्हणालो. एकदम, एका सुरात. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण असं एकमत पूर्वी कधी झाल्याचं मला आठवत नाही.

"अभ्यासाला बस," बायको म्हणाली. "ताठ बस."

ती गेली. आतून खुर्ची सरकल्याचा आवाज आला. थोडा वेळ काही नाही. मग लाकडाचा, हलकेच, कट्ट.

बायको पुन्हा फळीवर चढली आणि सुरी उचलली. मी खिशातली टेप खालच्या कप्प्यात ठेवून दिली.

"तुझ्यासाठीही एक फळी करून ठेव, आरशापुढे," ती चिरता चिरता म्हणाली. "आणि हे बघ, अगदी बेताची करू नकोस."